नांदेडचा रिपोर्ट

लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा मी नांदेडला एका लॅबमध्ये एकट्यानं जाऊन स्वतःची तपासणी करून घेतली. घरी सांगितलं होतं की हदगावकडं आईला भेटायला चाललोय. लॅबमधल्या माणसानं कागद हातात देण्याआधी मला बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसला आणि हळू म्हणाला, "दादा, दोनदा फिरवून बघितलं. एकही शुक्राणू न्हाई. डॉक्टरला दाखवून घ्या, टाळू नका." मी "हाव" म्हणालो. त्याचे आभारही मानले. चांगला माणूस होता. बाहेर चारजण ताटकळत बसलेले असताना त्यानं आवाज चढवला नाही.

आईकडं मी गेलोच नाही. लातूरची गाडी धरली. ज्या मेसवर मी स्वयंपाकी होतो तिथं येऊन भट्टी पेटवली आणि कागद तिच्यात घातला. बायको कणीक तिंबत होती. "आई कशा हायत?" तिनं विचारलं. बऱ्या हायत, म्हणालो. आणि मग, तिनं काही विचारलेलं नसताना पुढं बोललो, "येताना नांदेडला माझी तपासणी करून घेतली. माझ्यात काई दोष न्हाई."

तिचे हात कणकेत थांबले. "मंग माझ्यातच असंल," म्हणाली, आणि परत तिंबायला लागली.

खोटं बोलायला मला कुणी भाग पाडलं नव्हतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण भीती अशी होती की उद्या कुणी विचारलंच तर, म्हणून उत्तर आधीच देऊन ठेवलं. मी तसाच आहे. दाराला कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघणारा.

मी आठवी सोडलेला माणूस. भूकंप झाला त्या साली शाळा सुटली होती आणि घरात बसून बापाचे टोमणे खाऊन राहिलो होतो. आमच्या भागातून भाकरी आणि कांद्याची एक ट्रक किल्लारीकडं निघाली, तिच्यावर चढलो. तिकडं जे पाहिलं ते इथं लिहीत नाही. ट्रक परत गेली, मी राहिलो. आधी ढिगारे उपसले, मग नव्या गावांची घरं बांधणाऱ्या गवंड्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढली, तिथंच मजुरांचा स्वयंपाक करायला शिकलो. घरापासून लांब पडलो ते पडलोच. मदत करायला म्हणून ज्या मुलखात आलो त्याच मुलखानं मला जेवू घातलं, काम दिलं आणि शेवटी बायकोही दिली. माझ्या 'हाव'ला ती पहिली दोन वर्षं हसायची. त्यांच्याकडं 'व्हय' म्हणतात.

ती अशाच एका नव्यानं वसवलेल्या गावातली. भूकंप झाला तेव्हा ती मामाच्या गावाला होती म्हणून वाचली. तिचे दोन्ही भाऊ गेले. तिच्या आईची, म्हणजे माझ्या सासूची, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया आधीच झालेली होती. त्या वेळी लेकरं गेलेल्या बायांच्या बांधलेल्या नळ्या सरकारनं परत उघडून देण्याची सोय केली. सासू गेली, टेबलावर झोपली, उघडून आली. पण पुढं दिवस राहिले नाहीत, आणि मग सासरेही वारले. एवढी एक लेक उरली, ती माझ्या पदरात घातली.

सासूला आमच्याकडं मामी म्हणतात. मामीला लेकीला मूल का होत नाही याचं कारण ठाऊक होतं. निदान तसं तिला वाटायचं. आमच्याकडं आली की भाजी निवडता निवडता लेकीला सांगायची, "देवानं घेतलं ते घेतलं. मी सरकारकडून उघडून घ्याया गेले. त्याला ते आवडलं न्हाई. माझ्यावरचा राग त्यानं तुझ्या पोटावर काढला बग."

"आई, असं काई नसतंय," बायको म्हणायची.

"मंग काय असतंय? सांग की."

यावर बायकोकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडं होतं. मी तिथंच, चार हातांवर, लसूण सोलत बसलेलो असायचो.

पुढच्या आठ वर्षांत बायकोला मी किती दवाखान्यांत नेलं ते नीट आठवत नाही. नळीत औषध सोडून फोटो काढले. एका ठिकाणी पोटाला तीन भोकं पाडून दुर्बीण घातली. धर्माबादच्या पलीकडं एक जण झाडपाल्याचं औषध द्यायचा, ते पिऊन ती चार दिवस उलट्या करून राहिली आणि तेवढ्यातही मला म्हणाली, तुम्ही मेस सोडून कशाला बसलाव, जावा. प्रत्येक डॉक्टर एकदा माझ्याकडं बघून विचारायचा, "यांची तपासणी?" मी म्हणायचो, "झाली, नांदेडला. ठीक हाय." "रिपोर्ट?" "गावाकडं हाय." पुरुषाला कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. डॉक्टर माझं तोंडी वाक्य कागदावर उतरवायचा, आणि पुढच्या दवाखान्यात तो कागदच माझ्या बाजूनं साक्ष द्यायचा. बायकोला मात्र दर नव्या दारात मुळापासून उकरून काढायचे.

याच वर्षांत आमची गल्ली बदलली. आधी दोन शिकवण्या होत्या, मग दर दाराला पाटी लागली. शिकवणी, अभ्यासिका, मुलींचं वसतिगृह. आमच्या मेसवर तीस ताटं होती, तिथं तीन पंगती उठायला लागल्या. कुठकुठल्या जिल्ह्यांतून बाप लेकरांना घेऊन यायचे, बरोबर लोणच्याची बरणी आणि एक गादी. निघताना माझा हात धरून म्हणायचे, "मामा, ध्यान ठेवा." सगळी लेकरं मला मामाच म्हणायची. परीक्षेच्या दिवसांत एखादी पोर जेवायला आली नाही तर बायको ताट झाकून तिच्या खोलीवर घेऊन जायची. परत आली की लगेच भांडी घासायला बसायची. मला तिच्याकडं बघवायचं नाही.

शेवटी ज्या डॉक्टरीणबाई भेटल्या त्या लातुरातल्याच. वय पन्नाशीचं, बोलणं तुटक. त्यांनी आमची जाडजूड फाईल चाळली आणि माझ्याकडं वळल्या. "तुमचा रिपोर्ट कुठाय?"

"गावाकडं हाय, मॅडम. ठीक हाय."

"गावाकडचा रिपोर्ट मला इथून दिसत नाही. नवीन करा."

"पण मॅडम, आठ वर्षांखाली..."

"ऐकीव रिपोर्टवर मी बाईच्या पोटाला हात लावत नाही," त्या म्हणाल्या आणि फाईल मिटली.

दोनदा तपासणी झाली. दोन्ही वेळा शून्य. मी चेहऱ्यावर नवल आणलं. कसं आणलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोघांना बसवून समजावलं. वीर्यात नाहीत याचा अर्थ वृषणात अजिबात नाहीत असा होत नाही. कधीकधी आत एखाद्या कोपऱ्यात थोडे तयार होत असतात, सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करून ते शोधून काढता येतात, आणि त्यांच्यावर प्रयोगशाळेत मूल होऊ शकतं. ती शस्त्रक्रिया करणारे सर्जन महिन्यातून एकदा बाहेरून यायचे. "पण सापडतील की नाही हे कापण्याआधी थोडंफार कळू शकतं," बाई म्हणाल्या. "रक्त बाहेर पाठवू. पुरुषाच्या वाय गुणसूत्रावर तीन जागा असतात, ए, बी आणि सी. सीचा तुकडा गळालेला असेल तर शोधण्यात अर्थ आहे. मात्र मुलगा झाला तर त्याच्यातही तीच उणीव उतरेल. ए किंवा बी पूर्ण गळालेला असेल तर आत काहीच मिळत नाही, मग मी तुम्हाला कापू देणार नाही. आणि तिन्ही जागा शाबूत असतील तर काही सांगता येत नाही, उघडून बघावं लागतं. वीर्यातली काही प्रथिनं बघूनही अंदाज बांधायचं काम बाहेर चालू आहे, पण ते अजून आपल्यापर्यंत आलेलं नाही."

बायकोनं एवढंच विचारलं, "ह्यास्नी लई दुखंल का?"

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागणार होते. त्या तीन आठवड्यांत बायको माझ्याशी जितकी मायेनं वागली तितकी लग्नानंतरही वागली नसेल. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं की हे भट्टीमुळं झालं. नांदेडला ठीक होतं आणि आता शून्य झालं, म्हणजे मधल्या वर्षांत आचेपुढं उभं राहून राहून जळून गेलं. कुणीतरी तिला सांगितलं होतं की उष्णतेनं असं होतं. ती मेसच्या मालकिणीकडं गेली. मालकीण थोराड बाई, मनानं मोठी. तिला म्हणाली, "आक्का, ह्यास्नी भट्टीपुढं उभं करू नका. मी करते."

मालकीण मला म्हणाली, "नशीब काढलंस बाबा. माझा नवरा तापानं फणफणला तरी मी त्याला दळण आणाया लावायचे." आणि मला भाजी चिरायला खिडकीशी बसवलं. बायको भट्टीपुढं. घामानं भिजलेली तिची पाठ मला दिवसभर दिसायची. मी कांदा चिरायचो, त्यामुळं डोळ्यांचं कुणाला वेगळं वाटलं नाही.

रिपोर्ट आला तो इंग्रजीत. डॉक्टरीणबाईंची वेळ दुसऱ्या दिवशीची होती, पण मला तोवर दम निघेना. आमच्याकडं जीवशास्त्र शिकवणारे एक सर जेवायला यायचे. एकटे, सगळी पोरं उठल्यावर शांतपणे जेवणारे. मी कागदाचा वरचा, नावाचा पट्टा फाडून टाकला आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. "सर, माझ्या धाकल्या भावाचा हाय. जरा बघता का?"

त्यांनी डावा हात पुसून कागद उचलला. दोनदा वाचला. "बीचा तुकडा नाही," ते म्हणाले. "पूर्णच गळालाय."

"म्हणजी?"

"मामा, तुमच्या मालकिणीच्या वहीत आठवड्याचा स्वयंपाक लिहिलेला असतो ना? त्यातलं एक पान लिहितानाच सुटलं असं समजा. बाकीचे वार नीट चालतात. माणूस धडधाकट, मिशा फुटतात, आवाज फुटतो, सगळं. फक्त त्या एका वाराचं काम कधी होतच नाही. कारण ते कसं करायचं हे लिहिलेलंच नाही."

"भट्टीच्या आचेनं गळालं असंल का?"

"नाही. हे जन्माच्या आधीपासूनचं." त्यांनी कागदाची फाटलेली कड बोटानं सरळ केली. "तुम्हाला धाकटा भाऊ आहे हे आज कळलं." मग त्यांनी भातात वरण कालवलं. "एक करा मामा. भावाला सांगा, त्याच्या बायकोला हे डॉक्टरांकडून कळायच्या आधी त्याच्याकडून कळू दे."

त्या माणसाचे उपकार मी विसरलो नाही. नंतर कधीही त्यांनी भावाची चौकशी केली नाही. पण मी त्यांचं ऐकलं मात्र नाही. घरी येऊन बायकोला म्हणालो, "उद्या तू कशाला येतीस, मी एकटा जाऊन येतो." ती म्हणाली, "माझ्या एवढ्या तपासण्यांला तुम्ही बसलाव बाहेर. मी येणार." काहीतरी घडेल, बाई सुट्टीवर असतील, असं मनात धरून झोपलो.

बाई सुट्टीवर नव्हत्या. फाटका कागद बघून त्यांनी भुवई उंचावली. शस्त्रक्रिया करायची नाही, त्या म्हणाल्या. शोधून काही मिळणार नाही, उगाच कापून घेऊ नका. दात्याचे शुक्राणू घेता येतात, मूल दत्तक घेता येतं, घाई करू नका, घरी जाऊन दोघं बोला.

"मी ह्यांची भट्टी बंद केली हाय, मॅडम," बायको म्हणाली. "थोडे दिवस थांबलाव तर?"

"भट्टीचा संबंध नाही. हे जन्मापासून आहे. यांच्यात शुक्राणू कधी तयारच झाले नाहीत."

"पण नांदेडला तर ठीक आलं होतं."

"तसं येऊच शकत नाही," बाई म्हणाल्या. आणि मग, बोलून झाल्यावर, त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

बायकोनंही पाहिलं. मी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडं बघत होतो.

घरापर्यंत ती माझ्या पुढं चार पावलं चालली. दार लावल्यावर तिनं एकच विचारलं. "दुर्बीण घातली त्या दिवशी तुम्हाला ठाव होतं?"

"हाव."

"आत न्हेताना मी तुमचा हात धरला होता. तवा पन?"

"तवा पन."

रडली नाही, भांडलीही नाही. मला तेच सोसवेना. मी पाया पडायला वाकलो तर ती बाजूला झाली. "माझ्या पाया पडून काय व्हतंय," म्हणाली. "माझं मी बघीन. आई तिकडं रोज सोताला खाऊन राहिलीया. तिला तुम्ही सांगा. मी न्हाई सांगणार. अन् सांगितल्याबिगर माझ्याशी बोलू नका."

तेवढ्या रागातही तिच्या तोंडून 'खातीया' न येता माझ्याकडचं 'खाऊन राहिलीया' आलं, याचं मला वाईट वाटलं. माझ्याकडून तिनं काय काय उचललं होतं. आम्ही आजही एकत्र आहोत. तिनं माफ केलं असं मी म्हणणार नाही, तसं ती कधी म्हणालेली नाही, आणि विचारायचं माझं तोंड नाही.

मामीकडं जायला मला नऊ दिवस लागले. रोज सकाळी ठरवायचो. रोज पंगत आडवी यायची. बायको ताट वाढून पुढं ठेवायची आणि निघून जायची. शेवटी मालकीणच म्हणाली, "तुझ्यात अन् तिच्यात काय झालंय मला ठाव न्हाई. पर दोन दिवस झाले भाजीत मीठ न्हाई. जा, काय निस्तरायचं ते निस्तरून ये."

मामी ओट्यावर तुरी पाखडत होती. नव्या गावातली घरं सगळी एका ठशाची. त्यातल्या कितीतरी भिंतींच्या विटा मी वाहिलेल्या. तिनं पाणी दिलं, चहाला आधण ठेवायला उठली. मी म्हणालो, "मामी, आधी बसा. चहा नगं."

"लेक बरी हाय नव्हं?"

"बरी हाय. तिच्यात कायबी दोष न्हाई. तुमच्यातबी न्हाई. माझ्यात हाय, जन्मापासून. अन् ते मला आठ वर्षांपासून ठाव होतं. मी लपवलं."

तिनं सूप मांडीवर ओढलं. म्हणाली, "परत सांगा."

मी परत सांगितलं. रक्ताची तपासणी, गळालेला तुकडा, नांदेडचा कागद, भट्टी. जेवढं मला कळलं होतं तेवढं.

"म्हंजी मी नळी उघडली त्याचं काई न्हाई?"

"न्हाई, मामी."

"देवाचं काई न्हाई?"

"न्हाई."

"मंग मी कुणाच्या पाया पडत व्हते, जावई?" तिनं विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं असं वाटलं.

तिनं सूप भिंतीला टेकवलं, पदर नीट केला, आणि म्हणाली, "चला."

"कुठं?"

"माझी जाऊ ह्याच गल्लीत ऱ्हाते. गेल्या संक्रांतीला चार बायांत बोलली, हिनं देवाशी दावा मांडला म्हनून लेकीची कूस बंद झाली. तिच्या दारात बोला जे आता बोललाव ते."

जावयाला असं कुणी दारोदार नेत नाही. जावई आला की त्याला पाट मांडतात. मामी पुढं चालली, मी मागं. जावेच्या दारात तीन बाया शेंगा फोडत होत्या. मामी म्हणाली, "आमचे जावई काय म्हणत्यात ते ऐका." मी बोललो. आवाज फुटत नव्हता, म्हणून मामी म्हणाली, "वरडून." मी वरडून बोललो. एक तरणी सून पदर तोंडाशी धरून आत पळाली. जाऊ काहीतरी पुटपुटली, शेंगांकडंच बघत. मग दुसऱ्या दारात. तिथली म्हातारी बहिरी होती, तिला दोनदा सांगावं लागलं, आणि ती माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "असू दे लेकरा." ते सगळ्यात जड गेलं.

तिसऱ्या दाराला कडी होती. मामीनं शेजारी विचारलं. घरातली बाई रानात गेलेली, खुरपणीला. मला वाटलं, सुटलो. मामी त्या बाईच्या ओट्यावर टेकली, पाय पोटाशी घेतले आणि मला बाजूला बसायची खूण केली.

"येईल दिवस मावळता," म्हणाली. "बसू तोवर."

आम्ही बसलो.